बारक्याची ताई

भावाचं नाव बारक्या. जन्मला तेव्हा मूठभर होता, म्हणून आईने ठेवलेलं. पुढे तो असा काही वाढला की खोलीच्या दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागायची, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आणि तिला सगळे ताई म्हणायचे, कारण तो म्हणायचा. लाँड्रीतला मुकादम तिच्या बापाच्या वयाचा, पण तोसुद्धा "ताई, तिकडच्या चादरी आटपा" असंच म्हणायचा. तिचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कोणाच्या तरी तोंडी यायचं.

आई गेली तेव्हा बारक्या नुकता भिंतीला धरून चालायला लागला होता आणि ताई शाळेच्या शेवटच्या वर्गांत होती. बाप लांब पल्ल्याचे ट्रक चालवायचा. आधी पंधरा दिवसांनी घरी यायचा, मग महिन्याने, मग दोन-तीन महिन्यांनी, आणि मग कुठल्याशा गावात त्याने दुसरा संसार मांडल्याचं त्याच्याच क्लीनरकडून कळलं. ताईने आकांडतांडव केलं नाही. शाळा सोडली आणि लाँड्रीत लागली. दोन खोल्या लाँड्रीच्या मागच्याच इमारतीत होत्या, वरच्या मजल्यावर. स्वयंपाकाच्या खिडकीतून खालच्या बॉयलरची वाफ वर यायची, त्यामुळे घरात कायम धुतलेल्या सुताचा आणि साबणाचा वास. पावसाळ्यात इतरांच्या घरी कपडे वाळायचे नाहीत, यांच्याकडे बॉयलरच्या उबेने वाळायचे. एवढीच काय ती चैन.

तिने त्याला वाढवला म्हणजे खरोखरच वाढवला. त्याची नखं काढली, गोवरात उशाशी बसली, शाळेत मास्तरांची बोलणी खाल्ली. झोपताना तो तिच्या बाहीचं टोक मुठीत धरायचा. ते सोडवून उठायचं म्हणजे कसरत. कितीदा तरी ती तशीच पडून राहायची आणि चुलीवरचं करपायचं. लग्नाचं विचारायला एक-दोघे आले. एकाने विचारलं, "मुलगा कुठे राहील?" तिने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटायला वेळ कुठे होता?

बारक्या गुणाचा होता. हे ती पुढे पोलिसांना, वकिलांना, कोर्टाला सांगत राहिली, आणि ऐकणारा प्रत्येक जण मान खाली घालत राहिला. पण गुणाचा होताच. तिला ताप आला तर न सांगता पाणी भरून ठेवायचा. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या पिशव्या वर-खाली करायचा. मोठ्याने बोलायचा नाही. रागावलेला तर तिने त्याला फारसा पाहिलाच नव्हता.

आणि पंधराव्या वर्षी, एका दुपारी, शाळेमागच्या मैदानावर त्याने वरच्या वर्गातल्या एका मुलाला मोडक्या कुंपणाच्या लोखंडी नळीने मारलं. मुलगा दवाखान्यात नेईपर्यंत गेला. पोलीस आले तेव्हा बारक्या घरी जेवत होता. त्याने ताट धुतलं, पालथं घातलं, हात पुसले आणि म्हणाला, "ताई, येतो मी." कोपऱ्यावरच्या दुकानात निघाल्यासारखा.

लहान मुलांचं कोर्ट वेगळं असतं हे तिला तेव्हा कळलं. तिथे पिंजरा नव्हता. भिंतींवर ससे आणि फुगे रंगवलेले, मुलं घाबरू नयेत म्हणून. टेबलामागच्या तिघांनी फार मायेने चौकशी केली. आई नाही, बाप असून नसल्यासारखा, आधी कधी तक्रार नाही, भांडणात डोकं फिरलं असणार. बारक्याने होय म्हटलं. ताईनेही होय म्हटलं, कारण दुसरं काय असू शकतं हे तिच्या डोक्यातच आलं नाही. समोरच्या बाकावर मेलेल्या मुलाचे आईवडील बसले होते. ते सारखे त्या सशांकडे बघत होते.

त्याला अठरा पूर्ण होईपर्यंत सुधारगृहात ठेवायचं ठरलं. ताईने भेटीचा एकही दिवस चुकवला नाही. तो तिथे सुतारकाम शिकला, वाचायला लागला, उंच होत गेला. अधीक्षक तिला बाजूला घेऊन म्हणायचे, "ताई, असा मुलगा आमच्याकडे क्वचित येतो. बाकीच्यांना सांभाळून घेतो. तुम्ही निर्धास्त राहा." ती बसमधून परत येताना ते वाक्य तोंडात खडीसाखर घोळवावी तसं घोळवत यायची.

तो घरी आला, आणि तिच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस सुरू झाले.

कामाचा प्रश्न होता. मुकादम काही तयार होईना. तेव्हा मध्ये पडले ते इस्त्रीवाले काका. काका लाँड्रीतले सगळ्यात जुने, खालच्या मजल्यावरच्या काकूंचे यजमान. यंत्रावर न होणारे कपडे, म्हणजे चुण्यांचे झगे, कडक कॉलरचे शर्ट, हे त्यांच्या हातच्या जड इस्त्रीखाली जायचे. ती इस्त्री टेबलावर आपटायची त्यांची एक लय होती. अखंड बोलायचे आणि अखंड हसायचे, दुसऱ्यांवर, स्वतःवर, मुकादमावर. ते मुकादमाला म्हणाले, "पोरगं माझ्या डोळ्यांसमोर मोठं झालंय. माझ्या शब्दावर घ्या. कामचुकारपणा केला तर माझा पगार कापा, नाहीतरी तो तुम्ही कापताच." मुकादमाने हसून हो म्हटलं.

बारक्या कामाला वाघ होता. ओल्या कपड्यांची गाठोडी दोघांनी उचलायची, तो एकटा उचलायचा. पण ताईला आवडायचं ते दुपारचं काम, चादरींच्या घड्या. हॉटेलच्या मोठ्या चादरींना दोन माणसं लागतात. दोन टोकं एकीने धरायची, दोन दुसऱ्याने, झटकायची, ताणायची, मग चालत एकमेकांसमोर यायचं आणि आपली टोकं समोरच्याच्या हातात द्यायची. बारक्या टोकं देताना मुद्दाम वाकून मुजरा करायचा. कधी चादरीआड लपून भलत्याच बाजूने डोकं काढायचा. ती हसून हसून चादर सोडायची, आणि तिकडून काका ओरडायचे, "अरे, त्या चादरीची घडी घालताय की लग्न लावताय?"

संध्याकाळी दोघं बरोबर घरी यायचे. तो भाजी चिरायचा, ती फोडणी द्यायची. त्याचे होडीएवढे बूट दारात पडलेले असायचे, त्यांना ठेचकाळली की ती रागवायची, आणि रागवतानाही तिला बरं वाटायचं. घरात दुसऱ्या माणसाचे बूट असणं म्हणजे काय, हे तिला ती वर्षं एकटीने काढल्यावर समजलं होतं. आता त्याचं लग्न करावं, मागची खोली त्यांना द्यावी, इथपर्यंत तिने मनातल्या मनात मांडामांड करून ठेवली होती.

खटकावं असं काही झालंच नव्हतं असं नाही. एकदा बारक्याच्या हातून ढिगारा कोसळला आणि काका नेहमीसारखे हसले, "उंची दिली, पण हात द्यायला देव विसरला." सगळे हसले. बारक्याही हसला. पण त्याच्या आधी, एक क्षणभर, त्याचा चेहरा पाटी पुसावी तसा कोरा झालेला तिने पाहिला. घरी तिने विचारलं, "काय रे, काकांचं लागलं का तुला?"

"नाही गं. त्यांची सवयच आहे ती."

"मनात ठेवू नकोस."

"काही नाही ठेवलं," तो म्हणाला, आणि तिच्या ताटात स्वतःच्या ताटातला मोठा घास काढून ठेवला.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, एका स्वच्छ सकाळी, ताई ओल्या कपड्यांची पाटी घेऊन मागच्या वाळवणीच्या अंगणात निघाली होती. काकांच्या इस्त्रीचा आवाज थांबलाय हे तिच्या लक्षात आलं, पण चहाला गेले असतील असं वाटलं. दारातच तिला बारक्या दिसला. उपड्या बादलीवर बसला होता, हात गुडघ्यांवर ठेवून. पलीकडे, तारेवरच्या शर्टांखाली, काका पडले होते आणि त्यांची इस्त्री त्यांच्या डोक्याशी होती.

"ताई, तू इकडे येऊ नकोस," तो म्हणाला. आवाज नेहमीचाच, मऊ. "तुझ्या चपला भरतील."

तिच्या हातची पाटी कधी पडली तिला कळलं नाही. ती मुकादमाला हाका मारत आत धावली. पुढे कित्येक वर्षं तिला त्या इस्त्रीचं स्वप्न पडलं नाही, रक्ताचं पडलं नाही. चपलांचं पडायचं.

या वेळी सशांची खोली नव्हती. मोठं कोर्ट, पिंजरा, दोन्ही बाजूंना पोलीस. वर्तमानपत्रांनी बारक्याचा फोटो छापला आणि सुधारगृहाच्या अधीक्षकांचाही. याला सोडला कोणी, असं सगळीकडे विचारलं जात होतं. अधीक्षक साक्षीला आले तेव्हा अर्ध्याने उतरले होते. सरकारी वकिलांनी त्यांना फैलावर घेतलं. शेवटी ते म्हणाले, "आम्ही फसलो, हे मला मान्य आहे. पण कुठे फसलो ते अजून सापडत नाही. तो मुलगा समोर आला तर आजही मला चांगलाच वाटतो." सरकारी वकील म्हणाले, "म्हणूनच आम्ही फाशी मागतोय."

बारक्याला सरकारनेच एक वकीलबाई दिल्या होत्या. तरुण, धावपळीच्या, मनाने चांगल्या. त्या ताईच्या घरी आल्या आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाल्या, "फाशी टाळायची तर न्यायाधीशांना त्याचं बालपण दिसायला हवं. वडील मारायचे का?"

"नाही. मारायला घरी असायला तर हवेत."

"उपासमार?"

"माझी झाली असेल कधी. त्याची नाही."

"शाळेत छळ? बाहेर कोणी काही केलं? काहीतरी असेलच ना ताई."

"मला माहीत असलेलं काही नाही."

वकीलबाई जरा वैतागल्या. "मग तो असा का झाला, हे मी कोर्टाला सांगू तरी काय?"

"ते कोणीतरी मला सांगेल म्हणून मीच वाट बघतेय," ताई म्हणाली.

बारक्याला विचारलं तेव्हा त्याने सरळ उत्तर दिलं. काकांना का मारलं? "ते हसले." काय म्हणून हसले? "आठवत नाही. हसले." मग सरकारी वकिलांनी मैदानावरच्या मुलाचं विचारलं. बारक्याने थोडा विचार केला, आठवून खरं तेच सांगावं अशा बेताने. "तोही हसला होता."

काकू पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी पदर तोंडाशी नेला. ताईच्या मनात आलं ते ती कोणाला बोलली नाही. ती त्याला आयुष्यभर हसत आली होती. त्याच्या बोबड्या बोलांना, त्याच्या बुटांना, चादरीआडच्या नाटकांना. एवढ्या वेळा हसून ती जिवंत होती. का, हेही तिला कळलं नाही, आणि त्या न कळण्याचा आधार वाटावा की धास्ती, हेही नाही.

तिची साक्ष शेवटी झाली. न्यायाधीश वयस्कर होते. ऐकताना पेनाचं टोपण काढायचे आणि लावायचे. वकीलबाईंनी तिला जे विचारायचं ते विचारलं, तिने बाहीचं सांगितलं, तापातलं पाणी सांगितलं. मग न्यायाधीश स्वतःच म्हणाले, "बाई, सरकारने फाशी मागितली आहे. तुम्हाला काही सांगायचंय?"

"फाशी देऊ नका, साहेब. तो मला हवाय."

"आणि पुढे कधी तो सुटला, तर तुम्ही सांभाळाल त्याला?"

वकीलबाईंनी मान हलवली, हो म्हणा या अर्थी. ताईने पिंजऱ्याकडे पाहिलं. बारक्या तिच्याकडे बघत होता, लहानपणी शाळेच्या फाटकातून बघायचा तसा, ती आलीय ना याची खात्री करत.

"सांभाळेन," ती म्हणाली. "पण सोडू नका."

न्यायाधीशांनी टोपण लावलं. "या दोन्ही गोष्टी एकदम कशा?"

"मला तो रोज घरी हवा असतो, साहेब. संध्याकाळी जिन्यात पाय वाजले की अजून वाटतं, तोच. भाजी अजून दोघांचीच होते. पण मी त्याला एकदा घरी आणला आणि काका गेले. काका नसते तर दुसरं कोणी गेलं असतं. मी वाट बघेन त्याची, मला बघू द्या. पण त्याला आणू नका."

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. आपण हरलो असं त्यांना वाटलं असावं.

निकालाला न्यायाधीशांनी बराच वेळ घेतला. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला फासावर देणं आपल्याच्याने होणार नाही, असं ते म्हणाले. पण चांगल्या वागणुकीवर भरवसा ठेवून एकदा दार उघडलं होतं, ती चूक कोर्ट पुन्हा करणार नाही. जन्मठेप, आणि जन्मठेप म्हणजे जन्माची. सरकार वरच्या कोर्टात गेलं. तिथे तारखांवर तारखा पडल्या. तेवढा काळ ताईचा जीव टांगणीला लागला होता. वर्तमानपत्र दिसलं की ती रस्ता बदलायची. शेवटी वरच्या कोर्टानेही तीच शिक्षा कायम केली. वकीलबाई सांगायला आल्या तेव्हा मात्र पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "तुमच्या त्या बोलण्याने तो वाचला, असं मला वाटतं. न्यायाधीशांचा तुमच्यावर विश्वास बसला."

पहिल्या भेटीत बारक्याने काचेपलीकडून विचारलं, "ताई, तू असं का म्हणालीस?"

"खरं होतं म्हणून."

त्याने ते ऐकून घेतलं. चेहरा कोरा झाला नाही. तिने नीट बघितलं. "बरं," तो म्हणाला. मग म्हणाला, "तू वाळलीस गं. जेवतेस ना?"

काकूंनी इतके महिने तिच्याशी शब्द काढला नव्हता. जिन्यात समोरासमोर आल्या तर भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. निकालानंतर एका सकाळी त्या वर आल्या, उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"बसा ना, काकू."

"बसायला नाही आले. तू कोर्टात खरं बोललीस, ते मी ऐकलं. तुझं मी वाईट चिंतत नाही. देवाशप्पथ." त्यांनी श्वास घेतला. "पण तू दिसलीस की मला हे ऐकू येतात गं. इस्त्री आपटताना, तुला हाक मारताना. तू दुसरीकडे जा."

ताईने मान हलवली. तिलाही ते ऐकू यायचे, पण हे काकूंना सांगायचा हक्क आपल्याला नाही असं तिला वाटलं. तिने वाकून नमस्कार केला. काकूंनी पाय मागे घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही. त्या महिन्याअखेर तिने खोल्या सोडल्या. मुकादमाने सामान चढवायला माणसं दिली. स्वतः मात्र आत हिशेब करत बसला, बाहेर आला नाही.

ती तुरुंगाच्या गावी गेली. तिथल्या मोठ्या दवाखान्याच्या लाँड्रीत कामाला लागली. तिथे सगळं यंत्रावर होतं, घड्यासुद्धा. शेजारणी चांगल्या होत्या. घरी कोण कोण, असं विचारलं की ती म्हणायची, "भाऊ आहे. बाहेरगावी असतो." ते ऐकून बायका म्हणायच्या, मग येत-जात असेल, ती म्हणायची, मीच जाते.

वर्षं सरली तशी तिची एक गंमत झाली. बाजारात कोणी उंच माणूस पाठमोरा दिसला की ती त्याच्या मागे दहा पावलं चालायची. चेहरा बघायची नाही. तेवढंच चालायची आणि वळायची. कपड्यांच्या दुकानात मोठ्या मापाचा शर्ट दिसला की बाही हाताने मोजायची. दुकानदार म्हणायचा, "देऊ का?" ती म्हणायची, "माप विचारून येते." नेमका कोणता बारक्या आपल्याला हवाय, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. बाही धरून झोपणारा हवा होता, चादरीआडून डोकं काढणारा हवा होता, आणि काचेपलीकडचाही, ज्याच्या कानशिलाशी आता एक-दोन पांढरे केस दिसायला लागले होते. मधला, बादलीवर बसलेला, तेवढा नको होता. पण तो बाकीच्यांमधून वेगळा काढता येत नव्हता. तिने खूप प्रयत्न करून पाहिला होता.

अशाच एका भेटीच्या दिवशी बारक्या आला तो गालाला हात लावून.

"काय झालं रे?"

"दाढ. चार दिवस झाले."

"मिठाच्या पाण्याने गुळण्या कर."

"इथे मीठ मागून मिळत नाही गं."

"डॉक्टर?"

"नाव दिलंय. बोलावतील." त्याने हसायचा प्रयत्न केला आणि कळ आली म्हणून थांबला. "तू नको काळजी करू. तुझं गुडघ्याचं काय?"

"माझं मेलं काय व्हायचंय. कुठली दाढ?"

"खालची. डावी."

उरलेला वेळ दोघं दाढेवरच बोलली. कोणत्या कुशीवर झोपतोस, गार पाणी लागतं का, लहानपणी दुधाचा दात पाडायला किती रडला होतास. पहारेकऱ्याने वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा बारक्या उठला, दारातून जाताना सवयीने वाकला आणि आत गेला.

ती बसथांब्यापर्यंत गेली. बस उभीच होती. एक पाय पायरीवर ठेवून ती थांबली, मग खाली उतरली आणि परत फाटकाशी आली.

"भाऊ, आतल्या डॉक्टरांना एवढं सांगाल का? त्याची दाढ दुखतेय."

पहारेकरी तिला ओळखत होता. "बाई, इथे सगळ्यांचंच काही ना काही दुखत असतं."

"हो, असणारच. पण त्याला सांगता येत नाही नीट, लहानपणापासूनचं आहे. खालची, डावीकडची. एवढंच सांगा."

त्याने तिच्याकडे बघितलं. "खालची डावी," तो म्हणाला. "सांगतो."

मागे बस सुटल्याचा आवाज आला. ताई फाटकाच्या सावलीत दगडावर टेकली आणि स्वतःच्या डाव्या गालाला हात लावून पुढच्या बसची वाट बघत बसली.